‘डिफर्ड’ : ना होकार, ना नकार

गोष्ट डिसेंबर २०२४ मधली आहे. आम्ही तेव्हा थर्ड इयरला होतो आणि पी.एल. चालू होती. म्हणजे रात्री तीनपर्यंत जागायचं आणि सकाळी दहाला उठून ‘आज काहीच झालं नाही यार’ म्हणायचं, असा कार्यक्रम. अशाच एका पहाटे साडेपाचला माझा फोन वाजला. रूम पार्टनरने डोळे न उघडता उशी फेकून मारली.

फोन न्यू जर्सीहून होता. माझी मावशी लग्नानंतर तिकडे गेली ती तिथलीच झाली; एडिसन गावात राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, तेव्हा बारावीत होती. तिच्या सगळ्यात आवडत्या कॉलेजचा निकाल तिकडच्या संध्याकाळी सातला लागणार होता. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेदहा तास पुढे असतो, म्हणून माझ्या नशिबी ही पहाट.

“दादा, डिफर्ड.”

“म्हणजे मिळालं?”

“नाही.”

“म्हणजे नाही मिळालं?”

“तेही नाही!” आणि मग बाईसाहेब रडायलाच लागल्या. मागून मावशीचा आवाज आला, “अगं, नाही तर म्हणाले नाहीत ना?” काकांचा आवाज त्याहून मागून, “अर्धं मिळालंय असं समज.”

घरात इंजिनिअरिंगला असलेला मी एकटा. त्यामुळे प्रवेश या विषयातलं मला सगळं कळतं, असा दोन्ही खंडांतल्या नातेवाइकांचा समज आहे. मला कळत काहीच नव्हतं. पण पुढचे तीन-साडेतीन महिने त्या एका शब्दाच्या मागे लागून जे समजलं, ते इथे लिहितो आहे. आपल्या हॉस्टेलमधल्या बऱ्याच जणांची भावंडं तिकडे आहेत आणि बरेच जण स्वतःच जायच्या तयारीत आहेत, तेव्हा कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी तिकडची पद्धत. आपल्याकडे कॅप राऊंडला काय होतं? परसेंटाइल येतं, त्यावरून मेरिट नंबर लागतो, आपण ऑप्शन फॉर्म भरतो आणि संगणक वरून खाली बघत जाऊन जिथे नंबर लागेल तिथली एक सीट हातात ठेवतो. मागच्या वर्षीचा कट-ऑफ बघितला की साधारण कल्पना येते. एकच रांग, एकच यंत्रणा. अमेरिकेत रांगच नाही. प्रत्येक कॉलेज आपापला गठ्ठा स्वतंत्रपणे वाचतं. मार्क, विषय, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं, शाळेबाहेर काय केलं, सगळं बघतं आणि आपला निर्णय आपण देतं. एकाच मुलीला चार कॉलेजं एकदम ‘ये’ म्हणू शकतात, किंवा एकही म्हणणार नाही. आपला मेरिट नंबर तिथे कुणी सांगत नाही, कारण तो नसतोच.

अर्ज करायच्या वेळाही दोन. बहुतेक कॉलेजांचा नेहमीचा अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला असतो आणि निकाल मार्चअखेर. पण ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक लवकरची खिडकी उघडी असते. तिचे दोन प्रकार. ‘अर्ली ॲक्शन’ म्हणजे लवकर अर्ज, लवकर निकाल, पण मिळालं तरी यायलाच पाहिजे असं नाही. ‘अर्ली डिसिजन’ म्हणजे लग्नाची सुपारी फोडल्यासारखं आहे. मिळालं तर येईनच, बाकी सगळीकडचे अर्ज मागे घेईन, असं विद्यार्थी, पालक आणि शाळेचा कौन्सेलर अशा तिघांच्या सह्यांनी लिहून द्यायचं. आमच्या बाईसाहेबांनी पहिल्या प्रकारचा अर्ज केला होता.

या लवकरच्या अर्जाला उत्तरं तीन येऊ शकतात. हो, नाही आणि डिफर्ड. तिसऱ्याचा अर्थ इतकाच की आम्ही आत्ता ठरवत नाही, तुझा अर्ज नेहमीच्या गठ्ठ्यात सरकवतो, मार्चमध्ये सगळ्यांबरोबर पुन्हा वाचू. हे वेटिंग लिस्टपेक्षा वेगळं आहे. वेटिंग लिस्ट ही सगळे निकाल लागल्यावरची गोष्ट. १ मे ही तिकडे विद्यार्थ्यांनी ‘मी या कॉलेजला येतो’ असं कळवायची नेहमीची तारीख. त्यानंतर जागा उरल्या तर वेटिंगवाल्यांना बोलावतात. डिफर्ड माणूस अजून शर्यतीत असतो, फक्त पहिल्या ओळीतून उचलून मोठ्या घोळक्यात उभा केलेला. (आणि ज्याने सह्या करून अर्ली डिसिजनचा अर्ज केला होता तो डिफर झाला, तर त्या बंधनातून सुटतो. हे अनेकांना माहीत नसतं.)

मग काका म्हणाले तसं ते ‘अर्धं मिळालं’ का? इथे मला पहिला धडा मिळाला. शब्द एकच, पण कॉलेजागणिक त्याचं वजन वेगळं. एम.आय.टी.चं उदाहरण घ्या. तिथे लवकरच्या अर्जांपैकी अलीकडच्या वर्षांत जेमतेम पाच-सहा टक्के लोकांना होकार मिळतो आणि साधारण दोन तृतीयांश लोक डिफर होतात. दोन तृतीयांश! याउलट स्टॅनफर्डचं धोरण उघड आहे : शक्यतो आत्ताच हो किंवा नाही सांगून टाकायचं, डिफर फार थोड्यांना करायचं. म्हणजे एका ठिकाणी डिफर होणं हा सर्वसाधारण अनुभव, तर दुसऱ्या ठिकाणी खरंच कुणीतरी तुमचा कागद बाजूला काढून ठेवला आहे. तेव्हा डिफर झाल्यावर रडण्याआधी किंवा पेढे वाटण्याआधी, आपलं कॉलेज किती लोकांना डिफर करतं ते शोधायचं. आमच्या बाईसाहेबांचं कॉलेज बहुतेकांना डिफर करणाऱ्यांपैकी निघालं. (त्याचं नाव देत नाही, त्याचा यात काही दोष नाही.) हे मी सांगितलं तेव्हा फोनवर बराच वेळ शांतता होती. काका म्हणाले, “म्हणजे अर्धं नाही तर.”

आता माझी चूक सांगतो. त्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, तू बाकीच्या कॉलेजांची यादी पाठव, मी तुझे चान्सेस काढून देतो. यादी आली. रटगर्स आणि पर्ड्यू या दोन ठिकाणी तिने नोव्हेंबरमध्येच अर्ज केलेले होते. ती मोठी सरकारी विद्यापीठं. त्यांच्याकडे बाईसाहेबांचं लक्षच नव्हतं. त्याशिवाय आठ नावं : डिफर झालेलं ते, आणि जानेवारीत करायचे कार्नेगी मेलन, कॉर्नेल वगैरे सात. सगळीकडे होकाराचा दर ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आसपास, कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त.

मी एम-थ्रीमध्ये पास झालेला माणूस. लगेच गणित मांडलं. एका ठिकाणी नकार मिळायची शक्यता ०.९. आठही ठिकाणी नकार मिळायची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे ०.४३. म्हणजे किमान एका ठिकाणी होकार मिळायची शक्यता ५७ टक्के! मी मोठ्या थाटात तिला कळवलं, “घाबरू नकोस, अर्ध्याहून जास्त चान्स आहे.” ती खूश, मावशी खूश, मावशीने आमच्या आईला फोन करून सांगितलं, आई खूश. पी.एल.मध्ये माझ्या हातून झालेलं एवढंच काम.

रूम पार्टनरने वही बघितली आणि विचारलं, “हे आठ इव्हेंट इंडिपेंडंट आहेत हे तुला कुणी सांगितलं?”

मी म्हटलं, कॉलेजं वेगळी, कमिट्या वेगळ्या, शहरं वेगळी. त्यावर तो म्हणाला, “मागच्या मे महिन्यात आपल्या विंगमधले सगळे दिवे एकदम का गेले होते?”

तुम्हाला आठवत असेल. आमच्या विंगच्या आठही खोल्या एकाच फेजवर आहेत. प्रत्येक खोलीचा दिवा वेगळा, बटण वेगळं, पण फेज गेली की आठही अंधारात, आणि समोरच्या विंगमध्ये पोरं मजेत कॅरम खेळत बसलेली. आठ दिवे आहेत म्हणून आठपट सुरक्षितता, असं नसतं. ते कशाला जोडलेत त्यावर आहे.

बहिणीचं तसंच होतं. आठ कॉलेजं वेगळी असली तरी अर्ज एकच जाणार. मार्क तेच, शिफारसपत्रं तीच, मुख्य निबंधही तोच, कारण ‘कॉमन ॲप’ नावाच्या एकाच पोर्टलवरून शेकडो कॉलेजांना तो जातो. त्या अर्जात जे काही कमी असेल ते आठही ठिकाणी कमीच दिसणार. शिवाय दहा टक्के हा त्या कॉलेजाचा दर आहे, तिचा नव्हे. त्यात खेळाडू म्हणून खास निवडलेले आले, माजी विद्यार्थ्यांची मुलं आली (काही ठिकाणी हे बघतात, एम.आय.टी.सारख्या काही ठिकाणी बघत नाहीत), आणि कुठल्याही शाखेत जायला तयार असलेले आले. लवकरच्या अर्जांचा दर बऱ्याच ठिकाणी जास्त दिसतो, त्यातही या खास निवडलेल्यांचा मोठा वाटा असतो. तेव्हा ५७ हा आकडा नुसता चुकीचा नव्हता, तो चुकीच्या दिशेने चुकीचा होता. खरा आकडा त्याहून कमी होता, आणि किती कमी ते काढायला लागणारी माहिती माझ्याकडे नव्हती, कुणाकडेच नसते.

मी तिला फोन करून आकडा मागे घेतला. त्या फोनबद्दल लिहीत नाही. आईलाही सांगावं लागलं.

मग करायचं काय? रूम पार्टनरचं म्हणणं साधं होतं : एखादा दिवा दुसऱ्या फेजवर घ्या. म्हणजे यादीत एक तरी कॉलेज असं हवं की जिथे प्रवेश जवळपास नक्की आहे, पैसे परवडतात, आणि जिथे गेलो तर चार वर्षं तोंड पाडून बसणार नाही. यातली तिसरी अट लोक विसरतात. बहिणीच्या यादीत पहिल्या दोन अटी पूर्ण करणारं रटगर्स होतं, पण ते घरापासून वीस मिनिटांवर. गावातलंच कॉलेज मिळालं की काय वाटतं ते इथल्या डे-स्कॉलर मंडळींना विचारा. मी तिला म्हटलं, अगं, ते कॉलेज १७६६ साली निघालेलं आहे, आपल्याकडे तेव्हा थोरले माधवराव पेशवे गादीवर होते. ती म्हणाली, “दादा, पण ते एडिसनच्या शेजारी आहे.” यावर इतिहासाचा इलाज चालत नाही.

तरी आम्ही बसलो. ख्रिसमसची सुट्टी तिला, पेपर मला. रोज माझ्या रात्री दहाला, म्हणजे तिच्या सकाळी साडेअकराला, अर्धा तास. आणि इथे एक फार कामाची वस्तू हाती लागली, ती सांगतो. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं एक लांबलचक बाड प्रसिद्ध करतात. आपल्याकडच्या कट-ऑफच्या यादीचा तिकडचा चुलत भाऊ. त्यातला ‘सी’ विभाग प्रवेशाचा. सी-१ मध्ये अर्ज किती आले, घेतले किती. सी-२ मध्ये वेटिंग लिस्टवर किती ठेवले आणि त्यातून शेवटी किती घेतले. (काही ठिकाणचा हा आकडा बघितला तर वेटिंग लिस्टवर कुणी विसंबून राहणार नाही.) सी-७ मध्ये एक तक्ता आहे, मार्क, निबंध, शिफारसपत्र, मुलाखत यांतलं काय ‘फार महत्त्वाचं’ आणि काय ‘बघतच नाही’. त्यात एक ओळ ‘अर्जदाराने दाखवलेला रस’ अशीही असते. ज्या कॉलेजाने त्या ओळीपुढे ‘बघत नाही’ लिहिलंय तिथे कॅम्पसला भेटी देणं, दर आठवड्याला मेल पाठवणं हा नुसता खर्च.

पण या बाडातही एक खाचखळगा आहे. आकडा संपूर्ण विद्यापीठाचा असतो, शाखेचा नव्हे. इलिनॉय विद्यापीठाचं अर्बाना-शॅम्पेन कॅम्पस घ्या. एकूण दर बघितला तर तेव्हा चाळीस टक्क्यांच्या वर दिसत होता, आणि माणूस म्हणायचा वा, हे तर हातचं आहे. पण तिथल्या कॉम्प्युटर सायन्सचा दर एक आकडी आहे. पर्ड्यूलाही एकूण दर आणि इंजिनिअरिंग-कॉम्प्युटरचा दर यात अंतर आहे. आपल्याकडे कुणी ‘अमुक कॉलेजचा कट-ऑफ काय’ असं शाखा न सांगता विचारलं तर आपण त्याला हसू. तिकडचे पालक सर्रास तसं विचारतात. बहिणीला कॉम्प्युटरच हवं होतं, तेव्हा अर्धे आकडे आम्हाला खोडून पुन्हा लिहावे लागले. शेवटी आठ नावांची पाच झाली, आणि स्टोनी ब्रूक व पेन स्टेट ही दोन नवीन आली. यादी लहान झाली, निबंध बरे झाले. माझ्या मते तीन निबंध कमी लिहिणं हाच त्या सुट्टीतला सगळ्यात मोठा फायदा.

मध्येच घरात एक वादळ येऊन गेलं. काकांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलं की आता ‘अर्ली डिसिजन टू’ करा. काही खाजगी कॉलेजांत जानेवारीच्या सुरुवातीला अर्ली डिसिजनची दुसरी खिडकी उघडते, निकाल फेब्रुवारीच्या मध्याला. डिसेंबरात डिफर झालेल्या, नकार मिळालेल्या मुलांची गर्दी तिथेच होते, आणि कॉलेजांनाही ते पक्कं ठाऊक असतं. काकांनी एक कॉलेज नक्कीही केलं. खर्च राहण्या-खाण्यासकट वर्षाला ८५-९० हजार डॉलर. म्हणजे आपले सत्तर-पंचाहत्तर लाख रुपये. वर्षाला!

काकांचं म्हणणं होतं, “तिचं मन मोडलंय, एकदाचं काहीतरी पक्कं होऊ दे.” मला आधी ते पटलंही होतं. पण नीट बघा. हा अर्ज मंजूर झाला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे, ज्याच्यासाठी रडलो ते डिफर झालेलं कॉलेजसुद्धा. आणि शिष्यवृत्ती, आर्थिक मदत यांची चार ठिकाणची पत्रं शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची संधीच मिळत नाही. मदत अगदीच अपुरी असेल तर त्या बंधनातून सोडतात, हे खरं आहे; पण अपुरी कशाला म्हणायचं यावर वाद घालत बसायची वेळ फेब्रुवारीत येते. ज्यांना ते कॉलेज मनापासून हवं आहे आणि खर्चाची काळजी नाही, त्यांनी जरूर करावं. डिफर झाल्याचं दुःख विसरायला मात्र करू नये. ते भुकेल्या पोटी किराणा दुकानात जाण्यासारखं आहे.

शेवटी निकाल मावशीने लावला. तिकडे प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर एक खर्चाचं गणकयंत्र असतं. कायद्याने २०११ पासून ते ठेवावंच लागतं. घरचं उत्पन्न, बचत वगैरे भरलं की तुमच्यासारख्या घराला अंदाजे किती खर्च येईल ते दाखवतं. मावशीने एका रात्री आकडे भरले. मध्यमवर्गीय, दोघं नोकरी करणारे, घराचं कर्ज, धाकटा मुलगा आठवीत. मदत जवळजवळ शून्य. मावशीने कागदावर चार वर्षांची बेरीज केली, कागद फ्रिजवर लावला आणि काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी विषय काढला नाही.

बहिणीने तो कागद बघितला. मला नंतर म्हणाली, “आईने माझ्यासाठी नाही म्हटलं की धाकट्यासाठी, ते मला विचारता नाही आलं.”

आता डिफर झालेल्या कॉलेजला लिहायच्या पत्राबद्दल. याला तिकडे नावच आहे, अजूनही आपल्याला रस आहे हे कळवणारं पत्र. आधी कॉलेजची सूचना वाचायची. काही जण स्पष्ट लिहितात की काही पाठवू नका, तिथे गप्प बसायचं. एम.आय.टी.सारख्या ठिकाणी फेब्रुवारीत भरायचा त्यांचा स्वतःचा फॉर्म असतो, तोच भरायचा. बाकी ठिकाणी एक पान, एकदाच. शाळेचा कौन्सेलर पहिल्या सेमिस्टरचे मार्क वेगळे पाठवतोच. डिफर झालेल्या मुलीच्या बाबतीत हे मार्क खरोखर वाचले जातात, तेव्हा ‘अर्ज गेला, आता सुटलो’ म्हणून बारावीत ढेपाळणारा मेला.

पत्राचा पहिला मसुदा मी लिहून दिला होता. ‘लहानपणापासून माझं एकच स्वप्न’ अशी सुरुवात, मध्ये दोनदा ‘जिद्द’, शेवटी ‘आपल्या संस्थेच्या गौरवशाली परंपरेचा’ वगैरे. थोडक्यात, आपल्या गॅदरिंगमधलं प्रमुख पाहुण्यांचं स्वागत. तिने तो वाचला आणि अत्यंत प्रेमाने बाजूला ठेवला. तिचं पत्र असं होतं : नोव्हेंबरनंतर काय नवं घडलं ते तीन वाक्यांत. रोबोटिक्सच्या टीममध्ये मोटर कंट्रोलर जळला, स्पर्धेला दहा दिवस होते, आणि तिने तो भाग नव्याने कसा बसवला. गावच्या ग्रंथालयात शनिवारी लहान मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते, तिथे मुलं चार होती ती अकरा झाली. त्या कॉलेजातल्या कुठल्या प्रयोगशाळेत तिला काय करायचं आहे. आणि शेवटी एक सरळ वाक्य, की प्रवेश मिळाला तर मी येईन. हे शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहायचं, आणि एकाच कॉलेजला. ‘तुम्ही माझ्यावर अन्याय केलात’ किंवा ‘माझ्या वर्गातल्या अमक्याला कसं घेतलंत’ हे मनात कितीही असलं तरी कागदावर नको.

पत्र जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गेलं. त्यानंतर त्या कॉलेजसाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि तिला त्याचंच बरं वाटलं असं ती म्हणाली.

जाता जाता, एम.एस.ला जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी दोन शब्द. तुमच्याकडे ‘डिफर’ हा शब्द उलट्या बाजूने येतो. तिथे प्रवेश मिळालेला असतो आणि व्हिसा किंवा पैशाच्या अडचणीमुळे ‘पुढच्या टर्मला येऊ का’ असं विद्यार्थीच विचारतो. विद्यापीठ हो म्हणेलच असं नाही, आणि मिळालेली असिस्टंटशिप पुढे सरकेलच असंही नाही, तेव्हा लेखी विचारून घ्या. बाकी फेजचं गणित तुम्हालाही तेच लागू. बी-विंगमधल्या एका मित्राने मागच्या वर्षी आठ अर्ज केले, आठही एकाच तोलामोलाच्या विद्यापीठांना, एकाच एस.ओ.पी.वर. फी किती भरली ते त्याच्या वडिलांना अजून माहीत नाही. आठही दिवे एकदम गेले.

तर निकाल. जानेवारीच्या मध्याला पर्ड्यूचा होकार आला, पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी. शाखा तिथे वर्षानंतर ठरते. जानेवारीअखेर रटगर्सचा आला, ऑनर्सच्या तुकडीसकट आणि थोड्या शिष्यवृत्तीसह. त्या रात्री ती पहिल्यांदा नीट जेवली, असं मावशी म्हणाली. “नक्की झालं गं एकदाचं काहीतरी,” हे मावशीचं वाक्य. काकांचं डिसेंबरातलं वाक्य तेच होतं, फक्त ८५ हजार डॉलर वेगळे.

मार्चमध्ये पुन्हा फोन. तोपर्यंत तिकडची घड्याळं एक तास पुढे गेलेली, त्यामुळे या वेळी पहाटेचे साडेचार. रूम पार्टनरने या वेळी उशी मारली नाही, उठून बसला. नकार होता. ती रडली नाही. म्हणाली, “दादा, वाटलं होतं तेवढं नाही लागलं.” त्या आठवड्यात बाकीचेही निकाल आले : दोन नकार, एक वेटिंग लिस्ट, एक होकार. होकार मोठ्या नावाच्या खाजगी कॉलेजचा होता, आणि सोबतच्या पत्रात मदत शून्य. स्टोनी ब्रूक आणि पेन स्टेट दोन्हींचे होकार होते.

एप्रिलचा महिना सगळ्यात अवघड गेला. नकार पचवणं सोपं असतं, कारण त्यात आपण काही ठरवत नाही. आता ठरवायचं होतं. पर्ड्यूचं आकर्षण मोठं होतं. त्यांनी २०१३ पासून ट्यूशन फी वाढवलेली नव्हती, बाहेरच्या राज्यातल्यांनाही ती तेव्हा साधारण २९ हजार डॉलरच्या आत होती. पण राहणं-खाणं, विमानाचं भाडं धरलं की चाळीसच्या वर जातं. रटगर्स राज्यातलं म्हणून राहण्या-खाण्यासह पस्तीस-चाळीस, त्यातून शिष्यवृत्ती वजा. मोठ्या नावाचं कॉलेज त्याच्या दुपटीहून जास्त. काका म्हणाले, “तू म्हणशील तिथे. कर्ज काढू.” हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, म्हणूनच तिला ते जड गेलं.

तिने मला विचारलं, दादा, तू काय केलं असतंस? मी चांगला अर्धा मिनिट गप्प होतो. मग खरं सांगितलं. माझ्या वेळी मला पहिल्या राऊंडला गावच्या कॉलेजात सीट लागली होती, बेटरमेंटला गेलो आणि इथे आलो. घर सोडायचं होतं, बाकी कारण काही नव्हतं. इथे आल्याचं वाईट वाटत नाही. पण माझी फी आणि तुझी फी यांत दोन शून्यांचा फरक आहे, आणि मला धाकटा भाऊ नाही.

२५ एप्रिलला तिने रटगर्सला कळवलं, एका अटीवर : घरी राहणार नाही, हॉस्टेलवरच राहीन. मावशीने मान्य केलं. वीस मिनिटांवर घर असताना हॉस्टेलचे पैसे भरण्यावरून काकांनी थोडी कुरकुर केली, पण मावशीने फ्रिजवरचा कागद दाखवला.

आता ती तिथे आहे. मेसच्या जेवणाला नावं ठेवते, रात्री तीनपर्यंत जागते, आणि मागच्या महिन्यात पहाटे पाचला फोन करून विचारत होती की एम-थ्रीला प्रॉबॅबिलिटी असते का, आणि इंडिपेंडंट इव्हेंट म्हणजे नेमकं काय. मी फोन रूम पार्टनरकडे दिला.